व्हिडिओ गेमवरून अ‍ॅनिमेशन मालिका: नवख्यांसाठी पायरीपायरीने

कुडाळ, सावंतवाडी, मालवण, रत्नागिरी या पट्ट्यात घरी बसून पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंसाठी अ‍ॅनिमेशनची कामे करणारी तरुण मंडळी आता सहज भेटतात, आणि त्यांतल्या काहींच्या फोनमध्ये त्यांनी स्वतः केलेला एखादा छोटा गेमही असतो. ‘यावर मालिका करता येईल का?’ हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. करता येते. मात्र गेम तयार आहे म्हणजे निम्मे काम झाले, असे धरून जे सुरुवात करतात त्यांचे घोडे दुसऱ्या-तिसऱ्या भागातच पेंड खाते. गेममध्ये निर्णय खेळणाऱ्याच्या बोटांत असतो. उडी मारायची की थांबायचे, हे तो ठरवतो आणि त्यातच त्याची मजा असते. मालिका पाहणाऱ्याच्या हाती काही नसते. त्यामुळे जो निर्णय खेळणारा घेत होता तो आता एखाद्या पात्राने, काहीतरी गमावून, घ्यावा लागतो. खाली दिलेल्या पायऱ्या बहुतांशी हे कसे साधायचे याच्याच आहेत.

सोयीसाठी एक उदाहरण ठरवून घेऊ. समजा, तुमच्या चमूने मोबाइलवरचा एक गेम केला आहे. रात्रीची वेळ आहे आणि खाडीच्या मुखाशी एक मुलगी एकटीच होडी वल्हवते आहे. होडीत एक कंदील आहे आणि मोजके तेल. पाण्यातले खडक चुकवत तिला तीन बेटांवरच्या विझलेल्या दीपमाळा पेटवायच्या आहेत. तेल संपले किंवा ओहोटी लागून होडी गाळात रुतली की डाव संपतो आणि ती पुन्हा धक्क्यावर येते. मुलीला नाव नाही, तोंडी एक शब्दही नाही. गेम म्हणून एवढे पुरते. मालिका मात्र यात अजून कुठेच नाही.

पहिली पायरी: आधी कागद, मग चित्र

स्टोरीबोर्डाला, म्हणजे प्रसंगांच्या क्रमवार कच्च्या चित्रांना, हात लावण्याआधी हक्कांचा निकाल लावावा. गेम मित्रांनी मिळून केला असेल तर चित्रे एकीची, कोड दुसऱ्याचा आणि संगीत तिसऱ्याच्या मावसभावाचे, असा प्रकार असतो आणि कागद कोणीच केलेला नसतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कलाकृती तयार होताच तिच्यावरचा हक्क निर्माण होतो; त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. म्हणून प्रत्येकाच्या कामाचा हक्क ज्याचा त्याच्याकडे आहे असे गृहीत धरून प्रत्येकाकडून लेखी संमती घ्यावी. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला हक्कदार, करारात वेगळे काही लिहिलेले नसेल तर, नोकरी देणारा असतो. त्यामुळे गेम करताना चमूतील कोणी स्टुडिओत नोकरीला असेल तर त्याचा करार काढून वाचावा.

याच कायद्याचे कलम १९ प्रत्येक नवख्याने वकिलासमोर बसून एकदा समजून घ्यावे. हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता धरला जातो, आणि हक्क घेणाऱ्याने एका वर्षात त्याचा वापरच केला नाही तर, करारात वेगळी तरतूद नसल्यास, हस्तांतरण संपुष्टात येते. कलम ५७ प्रमाणे हक्क विकल्यानंतरही कर्त्याला आपल्या नावाचा आग्रह धरता येतो आणि आपल्या लौकिकाला बाधा येईल अशी कृतीची मोडतोड झाली तर तक्रार करता येते.

गेमसाठी विकत घेतलेली मॉडेल, आवाज आणि फॉन्ट यांचे परवाने वेगळे तपासावेत. गेममध्ये वापरण्याची मुभा देणारा परवाना चित्रफितीतल्या वापरालाही लागू होईलच असे नाही. एखाद्या मोठ्या कंपनीच्या गेमवर काम करायचे मनात असेल तर तिची लेखी परवानगी हवी. ‘आम्ही चाहते आहोत, पैसे घेतलेले नाहीत’ एवढ्याने भागत नाही. शेवटची बाब आपल्या भागापुरती. देवचार, वेताळ, राखणदार यांच्या गोष्टी सगळ्यांच्या आहेत, पण आज हयात असलेल्या चित्रकाराने काढलेले चित्र त्याचे आहे. ते वापरायचे असेल तर त्याला विचारावे आणि मोबदला द्यावा.

दुसरी पायरी: खेळणाऱ्याचे हात पाहा

गेम तुम्ही केला असल्यामुळे तुम्हाला तो दिसतच नाही. म्हणून गेम न खेळणाऱ्या तीन-चार जणांना तो खेळायला द्यावा; शेजारची काकू, शाळकरी भाचा, बंदरावरचा एखादा खलाशी असे कोणीही चालेल. त्यांच्या शेजारी वही घेऊन बसावे आणि पडद्याऐवजी त्यांचे हात आणि चेहरा पाहावा. वहीत फक्त क्रिया लिहाव्यात: वल्हवते, थांबते, वात कमी करते, भरतीची वाट पाहते. कुठे श्वास रोखला, कुठे चुकचुकली, कुठे ‘आता काय करू?’ असे आपल्यालाच विचारले, याची खूण करावी.

आपल्या उदाहरणात बहुधा असे दिसेल. तेल वाचवायचे म्हणून खेळणारी कंदिलाची वात बारीक करते. वात बारीक केली की पुढचे खडक दिसेनासे होतात. म्हणून ती पुन्हा वात मोठी करते आणि तेल झपाट्याने उतरते. गेमची सगळी जान या एका खटाटोपात आहे. दीपमाळा, बेटे, पार्श्वभूमीची सुंदर चित्रे या सर्वांपेक्षा ही ओढाताण मालिकेत पोचली पाहिजे, कारण उजेड हवा तर तेल जाणार आणि तेल हवे तर अंधारात जावे लागणार, या पेचाभोवतीच मालिकेचे सगळे भाग उभे राहणार आहेत. अशी एकही जागा वहीत सापडली नाही, तर मालिकेचा विचार तात्पुरता बाजूला ठेवलेला बरा.

तिसरी पायरी: वाट निवडा

गेमवरून मालिका करण्याच्या चार-पाच वाटा रुळलेल्या आहेत आणि प्रत्येकीचे उदाहरण उपलब्ध आहे. पहिली वाट मूळ कथेचीच, पण काटछाट करून. ‘कॅसलव्हेनिया’ ही २०१७ ची मालिका कोनामी या कंपनीच्या त्याच नावाच्या गेममालिकेतल्या १९८९ च्या तिसऱ्या गेमवर बेतलेली आहे. त्या गेममध्ये नायक ट्रेव्हरला तीन साथीदार मिळू शकतात. मालिकेने त्यांपैकी सायफा आणि अ‍ॅलुकार्ड घेतले आणि ग्रँटला सरळ वगळले. पहिल्या पर्वाचे भाग अवघे चार होते. चार भागांत चौथे पात्र उभे करायला जागा नसते, हे ओळखण्याचा धीर नवख्यांना सहसा होत नाही. आवडते पात्र गाळायला हात धजत नाही आणि मग सगळीच पात्रे अर्धी राहतात.

दुसरी वाट जग तेच ठेवून माणूस नवा आणण्याची. २०२२ ची ‘सायबरपंक: एजरनर्स’ ही दहा भागांची मालिका ‘सायबरपंक २०७७’ या गेमच्याच शहरात घडते, पण गेमचा नायक तिच्यात नाही, डेव्हिड मार्टिनेझ नावाचा नवा मुलगा आहे. जपानच्या ट्रिगर स्टुडिओला त्यामुळे कथा हवी तशी वळवता आली, आणि गेम खेळलेल्या कोणाला ‘माझा नायक असा वागलाच नसता’ असे म्हणायला जागा उरली नाही.

तिसरी वाट गर्दीतून दोघींना निवडण्याची. ‘लीग ऑफ लेजंड्स’मध्ये दीडशेहून अधिक लढवय्ये आहेत आणि त्या गेमला सलग अशी कथा नाही. २०२१ मध्ये आलेल्या ‘आर्केन’ने त्यांतल्या व्हाय आणि जिंक्स या दोन बहिणी निवडल्या, त्या लहान असताना काय घडले तिथून सुरुवात केली आणि बाकीच्या बहुतेक गर्दीला दाराबाहेर ठेवले. २०२२ मध्ये या मालिकेला एमी पुरस्कार मिळाला. पॅरिसचा फोर्टिश स्टुडिओ आणि गेमची कंपनी यांनी त्याआधी काही वर्षे संगीतफितींवर एकत्र काम केले होते, हेही ध्यानात घ्यावे; एकदम नऊ भागांवर कोणी उडी घेतली नव्हती.

पोकेमॉनची युक्ती मात्र मला सर्वांत हुशार वाटते. १९९६ च्या जपानी गेममध्ये सुरुवातीला तीन प्राण्यांपैकी एक निवडायचा असतो. १९९७ च्या मालिकेने तिघांपैकी कोणालाच नायकाच्या पदरात टाकले नाही. मुलगा उशिरा उठतो, तिन्ही प्राणी आधीच गेलेले असतात, आणि त्याच्या वाट्याला त्याचे न ऐकणारा पिकाचू येतो. कोणत्याही खेळणाऱ्याची निवड चुकीची ठरली नाही, मुलाचा स्वभाव पहिल्याच भागात कळला, आणि दोघांमधले भांडण अनेक भागांना पुरले. पुढे १९९८ मध्ये मालिकेला धरून पिकाचूच सोबती असलेला गेमही निघाला.

नवख्यांनी दुसरी वाट घ्यावी असे माझे मत आहे. आपल्या उदाहरणात होडीतली मुलगी खेळणाऱ्यांसाठी तशीच राहू द्यावी आणि मालिका त्याच खाडीकाठच्या दुसऱ्या कोणाची तरी करावी. समजा, दीपमाळा पेटवायचे काम पूर्वी जिच्या घराण्याकडे होते आणि आता जिच्या घरात त्याबद्दल कोणी बोलत नाही, अशी तांडेलाची, म्हणजे होडीवरच्या प्रमुखाची, नात.

चौथी पायरी: नियमांचे कायदे करा

गेमचे नियम मालिकेत त्या जगाचे कायदे होतात, आणि कायद्यातून गोष्ट निघते. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफा या पत्त्यांच्या जुन्या खेळात १२० पाने असतात, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. त्यात एक जुना नियम आहे: डाव दिवसा असेल तर राम ज्याच्याकडे आला त्याने सुरुवात करायची, रात्री असेल तर कृष्ण ज्याच्याकडे आला त्याने. पत्ते खेळणाऱ्याच्या दृष्टीने हा निव्वळ पहिली खेळी ठरवण्याचा नियम आहे. गोष्ट लिहिणाऱ्याला मात्र त्यात दिवस एकाचा आणि रात्र दुसऱ्याची असलेले एक अख्खे जग दिसायला हवे.

‘एजरनर्स’ने हेच केले. शरीरात जितकी यंत्रे बसवाल तितकी माणुसकी कमी होत जाते, हा नियम त्या जगात १९८८ च्या मूळ टेबलावरच्या खेळापासून आहे. खेळात तो आकड्यांचा हिशेब होता. मालिकेत तोच डेव्हिडच्या शोकांतिकेचा कणा झाला. म्हणून तुमच्या गेमचे नियम एका कागदावर उतरवून प्रत्येकापुढे ‘हा मोडला तर कोणाचे काय जाते?’ असे लिहावे. तेल मोजके आहे, हा नियम घेऊ. तेल येते कुठून? समजा, वाडीतल्या प्रत्येक घराने रोज एक पळी द्यायची पद्धत आहे. मग तीन दीपमाळा पेटवणे म्हणजे तीन वाड्यांतली घरे अंधारात ठेवणे. आता कोणीतरी ‘नाही देणार’ म्हणेल, आणि तुमचा दुसरा भाग तयार होईल.

भरती-ओहोटीचा नियम घेतलात तर तो खरा घ्या. आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, आणि रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते आणि तेव्हाची भरती साधारण दुपारी व मध्यरात्रीच्या आसपास येते. अष्टमीच्या आगेमागे भांग असतो आणि पाणी कमी चढते-उतरते. त्यामुळे अमावास्येच्या मध्यरात्री ओहोटीने होडी गाळात रुतलेली दाखवलीत, तर काळोखाचे चित्र कितीही देखणे असो, मालवण-देवगडकडचा मच्छीमार पहिल्याच मिनिटाला हसेल. कथेचे दिवस तिथीवार मांडून घ्यावेत आणि तो कागद पटकथा लिहिणाऱ्याच्या समोर भिंतीवर लावून ठेवावा.

काही नियम मात्र सोडून द्यायचे असतात. गुण, पातळ्या, वर कोपऱ्यात दिसणारे जीव यांची मालिकेत गरज नसते. मरण हा सर्वांत नाजूक नियम. गेममध्ये मुलगी बुडाली की पुन्हा धक्क्यावर येते आणि खेळणाऱ्याला त्याचे काही वाटत नाही. मालिकेत ती एकदाच बुडू शकते. पुन्हा जिवंत होणे ठेवायचेच असेल तर ते त्या जगातल्या माणसांना ठाऊक असले पाहिजे आणि त्याचीही काही किंमत असली पाहिजे.

पाचवी पायरी: मुक्या नायकाला बोलते करा

गेमचा नायक पुष्कळदा मुद्दाम कोरा ठेवलेला असतो, म्हणजे खेळणाऱ्याला त्याच्या जागी बसता येते. मालिकेत कोरा चेहरा तीन मिनिटांपलीकडे टिकत नाही. पात्राबद्दल पानेच्या पाने माहिती लिहिण्यापेक्षा तीन गोष्टी ठरवाव्यात: त्याला काय हवे आहे, ते मिळवताना ते काय लपवते, आणि घाबरल्यावर ते काय करते. आपल्या नातीला आजोबांचे काम पुन्हा सुरू करायचे आहे. शेवटची दीपमाळ विझली त्या रात्री आजोबा होडीवर नव्हतेच, हे तिला ठाऊक आहे आणि ती ते कोणाला सांगत नाही. घाबरली की ती वात मोठी करते. शेवटची गोष्ट थेट गेममधून आली आहे. पहिल्या भागात तिने वात मोठी केली आणि चौथ्या भागात तशाच प्रसंगी बारीक केली, तर एक शब्दही न बोलता ती बदलल्याचे कळते.

भाषेबद्दल थोडे बजावून सांगावेसे वाटते. मालवणी बोली नोकर, दारुडा किंवा विनोदी शेजारी यांच्याच तोंडी घालायची आणि नायिकेला पुस्तकी मराठी द्यायची, हा रंगमंचावरून चालत आलेला वाईट प्रघात आहे. तो अ‍ॅनिमेशनमध्ये आणू नये. घरात मालवणी, शाळेत आणि परक्यांशी प्रमाण मराठी, असे ठेवले तर खरेही वाटते आणि सांगली-नागपूरच्या प्रेक्षकालाही समजते. आजोबा नातीला ‘गे बाय’ म्हणतील, ती त्यांना ‘आजोबानू’ म्हणेल; एवढ्याने घर उभे राहते.

सहावी पायरी: शो बायबल

मालिकेची सर्व माहिती एकत्र देणाऱ्या दस्तऐवजाला या धंद्यात सगळे ‘बायबल’च म्हणतात. दहा-पंधरा पाने पुरे. मालिका दोन वाक्यांत, पात्रे, जगाचे कायदे, सहा ते आठ भागांचे प्रत्येकी पाच-सहा ओळींतले सार, चित्रशैलीचे चार-पाच नमुने आणि भाग किती मिनिटांचा हे त्यात असावे. ११ मिनिटे आणि २२ मिनिटे ही दोन मापे दूरचित्रवाणीवर रुळलेली आहेत. पहिल्या प्रयत्नाला ११ मिनिटेच धरावीत. गेमचा इतिहास, तो किती जणांनी उतरवून घेतला वगैरे एका परिच्छेदात आटपावे.

सातवी पायरी: पटकथा

गेमची एक पातळी म्हणजे मालिकेचा एक भाग, असे गणित करू नये. पातळ्या कठीण होत जातात. भागांना नुसते कठीण होत जाऊन चालत नाही, प्रत्येकाच्या शेवटी परिस्थिती बदललेली हवी. प्रत्येक प्रसंग लिहून झाल्यावर त्यात निर्णय कोणी घेतला ते समासात लिहावे. सलग तीन प्रसंगांच्या समासात ‘कोणी नाही’ असे आले, तर तुम्ही गेमची चित्रफीत लिहीत आहात. दुसऱ्याला खेळताना पाहण्यासारखे ते होते आणि प्रेक्षक उठून जातो.

आठवी पायरी: स्टोरीबोर्ड आणि अ‍ॅनिमॅटिक

सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा, कारण इथली दुरुस्ती पेन्सिलीने होते आणि पुढची पैशाने. शिकण्यासाठी फार लांब जायला नको. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा आहे. तिथले परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. सुटी चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, एका आख्यानाच्या चित्रांची मिळून एक पोथी होते, आणि वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीने एकेक चित्र समोर धरून कथा सांगितली जाते. प्रत्यक्ष पाहायला मिळाले तर एका गोष्टीवर लक्ष ठेवावे: चित्र कधी उलटले जाते. पुढच्या चित्रात नवे काय आले, कोणाची नजर कुठे वळली, एकाच चित्रावर गाणे किती वेळ थांबले, याची नोंद करावी. समोरची चित्रे हलत नाहीत, तरी कंटाळा येत नाही. तुमच्या अ‍ॅनिमॅटिकची कसोटीही तीच आहे.

अ‍ॅनिमॅटिक म्हणजे स्टोरीबोर्डाची स्थिर चित्रे वेळेप्रमाणे लावून, खाली कच्चे संवाद आणि आवाज जोडून केलेली चित्रफीत. गेमवाल्यांची इथे एक ठरावीक सवय आड येते: कॅमेरा सतत नायकाच्या पाठीमागे किंवा डोक्यावर ठेवण्याची. गेममध्ये ती गरज असते, कारण खेळणाऱ्याला पुढचा खडक दिसला पाहिजे. मालिकेत खडक प्रेक्षकाला आधी दाखवायचा की मुलीला, हा तुमचा निर्णय आहे. होडी वातीच्या उजेडात पुढे येते आहे आणि कॅमेरा पाण्याच्या पातळीवर, खडकाच्या बाजूने तिच्याकडे पाहतो आहे, असे चित्र काढले की प्रेक्षक वल्हे धरल्यासारखा पुढे सरकतो. गेमची ओळख म्हणून पाठीमागचा कॅमेरा एखाद्या भागात एकदाच, नेमक्या क्षणी वापरावा.

अ‍ॅनिमॅटिक तयार झाला की गेम खेळलेल्या दोघांना आणि कधीच न खेळलेल्या दोघांना तो वेगवेगळा दाखवावा. न खेळलेल्यांना कथा कळली नाही तर पटकथेकडे परत जावे. खेळलेल्यांना कंटाळा आला तर बहुधा तुम्ही गेममध्ये आहे तेच पुन्हा सांगता आहात.

नववी पायरी: आवाज

संवाद चित्रांच्या आधी ध्वनिमुद्रित करावेत, म्हणजे ओठ आणि हावभाव आवाजावरून बसवता येतात. आपल्याकडे आवाजांची खाण आहे. दशावतार या लोकनाट्यातल्या नटाला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठाऊक असते आणि संवाद तो समोरच्या नटाच्या बोलण्यावरून तिथल्या तिथे रचतो. अशा कलाकाराला एकट्याला काचेच्या खोलीत उभे करून सुटी वाक्ये वाचायला लावली तर त्याचा आवाज बसून जातो. दोघांना समोरासमोर उभे करावे, दोन माइक लावावेत, प्रसंग समजावून सांगावा आणि एक फेरी त्यांच्या मनाने होऊ द्यावी. लिहिलेल्या संवादापेक्षा चांगले काही निघाले तर ते ठेवावे. मात्र त्या शब्दांचे श्रेय आणि मोबदला करारात लिहावा.

जून ते सप्टेंबर घरी ध्वनिमुद्रण करायचे असेल तर पत्र्याच्या छपराखाली करू नये. कौलांवरचा पाऊस निदान एकसारखा असतो, तरी पागोळ्या ऐकू येतातच. गाद्या-गोधड्या लावलेली आतली खोली आणि उघडीप झालेली दुपार, हे सर्वांत स्वस्त ध्वनिगृह. पावसाचे आणि लाटांचे आवाज मात्र याच दिवसांत भरपूर मुद्रित करून ठेवावेत.

दहावी पायरी: चित्रांचा हिशेब

सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) धरल्या तर ११ मिनिटांच्या भागात १५,८४० चौकटी होतात. प्रत्येक चित्र दोन चौकटी धरून ठेवले तरी ७,९२० चित्रे. एका माणसाने रोज वीस नेटकी चित्रे काढली तर एकाच भागाला ३९६ दिवस लागतील. हा हिशेब मांडून पाहिला की कापून जोडलेल्या बाहुल्यांसारखी पात्रे, स्थिर पार्श्वभूमीचा पुनर्वापर आणि शांत, न हलणारे प्रसंग यांची किंमत कळते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मधल्या ‘राजी’ या गेममध्ये कथेचे तुकडे छायाबाहुल्यांच्या रूपात सांगितले आहेत, तेही या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या तर दाराशी आहेत.

गेमची त्रिमितीय मॉडेल तशीच मालिकेत वापरता येतील, या आशेवर वेळापत्रक आखू नये. फोनवर वेगाने चालावीत म्हणून ती साधी केलेली असतात. दुरून होडी वल्हवताना ठीक दिसतात, पण चेहरा जवळून दाखवला की भुवया हलत नाहीत आणि बोटे एकमेकांना चिकटलेली असतात. होडी, दीपमाळ, धक्का ही निर्जीव मॉडेल वापरावीत आणि मुख्य पात्रांचे चेहरे नव्याने घडवावेत. ब्लेंडर हे मोफत सॉफ्टवेअर यासाठी पुरेसे आहे. २०२५ मध्ये ऑस्कर मिळालेला लॅटव्हियाचा ‘फ्लो’ हा संपूर्ण चित्रपट त्यात केलेला आहे.

वेळापत्रकात गणपतीचे दिवस कोरे सोडावेत. त्या काळात मुंबईहून गावी आलेला माणूस काम करत नाही आणि गावातला तर मुळीच नाही, त्यामुळे त्या आठवड्यात काम देण्याची तारीख कबूल करणे म्हणजे स्वतःलाच फसवणे. पावसाळ्यात वीज जाते. रेंडर, म्हणजे संगणकाकडून अंतिम चित्रे तयार करून घेण्याचे काम, रात्री लावून झोपायचे असेल तर चौकटी सुट्या चित्रांच्या रूपात साठवाव्यात, सलग चित्रफीत म्हणून नाही, म्हणजे मध्येच संगणक बंद पडला तरी तिथून पुढे सुरू करता येते.

लखलखाटाबद्दल

गेमकडून आलेल्यांना स्फोट आणि चमक यांची सवय असते, म्हणून हे वेगळे सांगतो. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळ्या प्रकाशाची झपाट्याने उघडझाप झाली आणि सहाशेहून अधिक प्रेक्षकांना, त्यांत बहुतेक मुलेच, रुग्णालयात न्यावे लागले. मालिका चार महिने बंद राहिली. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा पडदा लखलखू देऊ नये, विशेषतः गडद लाल रंगात. आपल्या उदाहरणात विजा आहेत आणि कंदील फडफडतो आहे. दोन्ही ठिकाणी चौकटी मोजून पाहाव्यात.

पाठवताना

निर्मात्याकडे किंवा वाहिनीकडे जाताना एक पानाचे टिपण, बायबल, पहिल्या भागाची पूर्ण पटकथा आणि दीड-दोन मिनिटांचा अ‍ॅनिमॅटिक एवढे न्यावे. गेम खेळायला द्यावा, पण बैठकीत नाही; समोरचा माणूस पहिल्याच खडकावर आपटला की उरलेला वेळ त्यातच जातो. बोलणी पुढे सरकली तर मसुद्यात मालिकेचे हक्क, पुढच्या गेमचे हक्क आणि खेळणी-कपडे अशा वस्तूंचे हक्क वेगवेगळ्या कलमांत लिहून मागावेत. मालिका करणाऱ्याला सहसा मालिकेपुरतेच पुरते; ‘सर्व माध्यमांतील सर्व हक्क, कायमस्वरूपी’ असे वाक्य आले तर ते खोडून मुदत, प्रदेश आणि माध्यम लिहावे, आणि ठरलेल्या मुदतीत निर्मिती सुरू झाली नाही तर हक्क आपोआप परत येतील ही ओळ सही करण्याआधी घालून घ्यावी.